दहाव्याचा कावळा आणि पाचशे मोहरांचा हिरा: फँटसी खेळातलं जग एकसंध कसं ठेवावं

इंदुरात बसून, टेबलाभोवती गोष्ट सांगत खेळायच्या फँटसी खेळासाठी माळवा-निमाडच्या मातीतलं जग रचायचं ठरवलं की नावं भराभर सुचतात: राजवाड्यासारखा सात मजली वाडा, नर्मदेसारखी नदी, भंडारा उधळणारे भक्त. मग पहिल्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीला, गावाबाहेर जमिनीतून सांगाड्यांची फौज उठते. ज्या गावात प्रेत त्याच दिवशी जाळतात, तिथे एवढे सांगाडे आले कुठून? नियमपुस्तकातला राक्षस जसाच्या तसा उचलला की हमखास असं होतं. सांगाडा हवाच असेल तर तो संन्याशाच्या समाधीतून उठवा, कारण संन्याशाला पुरतात. नाहीतर पिंपळावरचा मुंजा घ्या. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, म्हणून तो अडकला. त्याची सुटकाही त्या राहिलेल्या विधीतच शोधायची, तलवारीने त्याचे हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) संपवून नाही.

जग बांधायला मृत्यूपासून सुरुवात करा. देवांची वंशावळ नंतर लिहिली तरी चालते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ‘रेझ डेड’ हा मेलेल्याला उठवणारा पाचव्या पातळीचा मंत्र आहे. त्याला 500 मोहरांचा हिरा लागतो, मृत्यूला 10 दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत आणि शरीर शाबूत हवं. ही 10 दिवसांची अट आपल्याकडे चपखल बसते. दहाव्यापर्यंत जीव घराभोवती घुटमळतो, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की तो सुटला, अशी समजूत आहेच. म्हणून नियम असा करा: कावळा शिवेपर्यंतच जीव परत बोलावता येतो. आठव्या दिवशी पुरोहिताला लाच देऊन पिंडदान उरकून घेणारा खलनायक यातून आपोआप मिळतो.

अडचण शरीराची आहे. चिता पेटली की ‘रेझ डेड’ संपलं. मग श्रीमंत घराणी दहन लांबवतील, त्यांच्या वाड्यात थंड तळघरं असतील, आणि गाव त्याला विटाळ म्हणेल. मजुराची रोजची मजुरी त्याच आवृत्तीच्या नियमपुस्तकात 2 चांदीची नाणी, आणि 10 चांदीच्या नाण्यांची 1 मोहर, म्हणजे त्या हिऱ्यासाठी 2500 दिवस, जवळपास 7 वर्षांची पूर्ण कमाई. हा हिशेब एकदा केला की ‘मग गावकरी आपल्या माणसांना उठवत का नाहीत?’ या खेळाडूच्या प्रश्नाला उत्तर तयार असतं.

सातव्या पातळीचं ‘रिसरेक्शन’ मात्र शंभर वर्षांपर्यंत चालतं आणि गेलेले अवयवही भरून देतं. त्याला 1000 मोहरांचा हिरा लागतो. दहनानंतर गोळा केलेल्या अस्थी म्हणजे शरीर धरायचं का, हे गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) पहिलं पात्र मरायच्या आधी लिहून ठेवावं. ‘हो’ म्हटलंत तर अस्थिविसर्जन हीच खरी शेवटची रेघ ठरते. वारस घाईने कलश नदीत सोडतील, आणि विधवा तो धान्याच्या कणगीत लपवून ठेवेल. मेल्यावर ऐनवेळी निर्णय घेतलात तर तो खेळाडूला पक्षपातच वाटतो, आणि त्याचं चुकत नाही.

नकाशा काढताना महूजवळच्या जानापावच्या डोंगराकडे बघा. इथून निघणारी चंबळ यमुनेला मिळते, म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच डोंगरातली चोरल दक्षिणेला नर्मदेत जाते आणि तिचं पाणी अरबी समुद्रात पोहोचतं. तुमच्या जगात दोन परलोक असतील तर पाणलोटाची ही रेषाच त्यांची सीमा करा. कोणत्या उतारावर अस्थी सोडल्या, त्यावर जीव कुठे जातो ते ठरेल. फक्त नद्या उताराच्या उलट वाहवू नका, नकाशा बघणारा खेळाडू ते पहिल्या पाच मिनिटांत पकडतो.

कथेतून नियम काढायला परिक्रमेसारखं उदाहरण नाही. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, उपनद्या ओलांडलेल्या चालतात. क्लेरिकला, म्हणजे मंत्र येणाऱ्या पुजारी पात्राला, हे व्रत दिलंत आणि खलनायकाचा गड पैलतीरावर ठेवलात, तर तिघे होडीने जातात आणि चौथा खेळाडू तीन तास नुसता बसून राहतो. त्यामुळे सुगावा ऐलतीरावर ठेवा, नाहीतर व्रत मोडण्याची किंमत आधीच ठरवा. आमच्या मते एक लांब विश्रांती (पात्रांची रात्रभराची झोप) होईपर्यंत सर्वात वरच्या पातळीचा एक स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरायची एक संधी, कमी होणं पुरेसं आहे. सगळेच मंत्र काढून घेतले तर पुढच्या वेळी कोणी व्रत घेणारच नाही.

दैत्यांना सरसकट ‘दुष्ट’ हा शिक्का मारू नका. खंडोबाच्या कथेत मणी आणि मल्ल या दोघांचं बळ ब्रह्मदेवाच्या वरातून आलेलं आहे, आणि शेवटी शरण आलेल्या मणीला देवाच्या जवळ जागाही मिळते. तेव्हा खलनायकाचा वर एका वाक्यात, शब्दन् शब्द लिहा. पळवाट त्या वाक्यातच असली पाहिजे. ‘शस्त्राने मरण नाही’ असं लिहिलंत तर पहार हे शस्त्र की अवजार, यावर टेबलावर वाद होणारच. तोच वाद हवा असतो. नंतर वाक्य बदललंत तर मात्र विश्वास गेला.

ही दैवतं लोकांच्या देव्हाऱ्यात आहेत. देवाचं नाव आणि रूप बदलून घ्या, कथेचा सांगाडा ठेवा. खऱ्या जमातीला किंवा जातीला राक्षसवंश करू नका. पहिल्या सेशनआधी वीस मिनिटं काढून प्रत्येकाला एकेकटं विचारा, कोणता विधी टेबलावर नको. कुणाच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल तर दहाव्याचा प्रसंग सरळ वगळा.

एवढं करूनही विसंगती निघतेच. सहाव्या सेशनला तुम्ही म्हणून जाता, ‘या गावात पुरतात.’ ते खोडू नका. दोन मिनिटं थांबा, वहीत गावाचं नाव लिहा आणि पुढच्या वेळेपर्यंत कारण शोधा: तिथली नदी शापित आहे, म्हणून राख सोडायला पाणीच नाही.