लोकसंख्या शिक्षण : 'भस्मासुर' वर्गात आणू नका, आणि इतर चुका

११ जुलै, म्हणजे जागतिक लोकसंख्या दिन, जवळ आला की फळ्यावर निबंधाचा विषय हमखास लागतो : 'लोकसंख्येचा भस्मासुर'. मुलं 'छोटे कुटुंब, सुखी कुटुंब' लिहून मोकळी होतात. समोरच्या बाकावर पाच भावंडांतलं चौथं मूल बसलंय, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. त्या निबंधात भस्मासुर म्हणजे तेच.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच : शिक्षण आणि प्रचार यांची सरमिसळ. तिला इतिहास आहे. आणीबाणीत काही राज्यांत शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायचं लक्ष्य दिलं होतं आणि ते गाठलं नाही तर पगार अडत होता. पुढे १९८० साली संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीनं एनसीईआरटीचा लोकसंख्या शिक्षणाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि तोच शिक्षक खडू घेऊन हा विषय शिकवायला उभा राहिला. पालक बिचकले, तर नवल काय? म्हणून पहिल्याच तासाला सांगावं : किती मुलं असावीत हे इथे ठरवायचं नाही, आकडे वाचायला शिकायचं आहे.

आता आकडेच शिळे असतील तर? जनगणना २०११ ची, आणि त्यावर 'विस्फोट' हा शब्द अजून चिकटलेला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात तो आकडा, २.० आहे, महाराष्ट्राचा १.७, बिहारचा ३.०. देशात आई-बापांच्या जागी जेमतेम दोनच मुलं, हे सांगितलं की हुशार मूल लगेच विचारतं, "मग लोकसंख्या वाढते कशी?" इथे बरेच शिक्षक अडखळतात. सोपं उदाहरण द्या. आजीला सहा मुलं झाली. त्या सहांची लग्नं झाली आणि प्रत्येकाकडे दोनच मुलं, तरी नातवंडं बारा. आजी आहे, मुलं आहेत, नातवंडंही आहेत. घर भरतच जातं. तरुण पिढी मोठी असली की दर घटूनही वाढ काही दशकं चालूच राहते.

'दोनच पुरेत' एवढंच शिकवून थांबणं ही त्याहून घातक चूक. दोनच हवीत आणि त्यात मुलगा हवाच, हा हिशेब घरोघरी होतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७. मुलींचा प्रश्न बाजूला ठेवून कुटुंबाच्या आकाराचा धडा घेता येत नाही. १९९४ मध्ये कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेनंतर जगभर भर बदलला तोही असाच : संख्येवरून हक्क, आरोग्य आणि मुलींच्या शिक्षणाकडे.

किशोरवयाचे प्रश्न आले की गाडी हमखास अडते. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोर शिक्षणाचा (वयात येतानाचे बदल, लैंगिक आरोग्य) कार्यक्रम थांबवला. साहित्य थेट वर्गात नेऊ नका; आधी पालकसभेत उघडून दाखवा, आयांना चाळू द्या. विरोध होईल, पण निदान समोरासमोर होईल.

वेगळा विषय न करता भूगोल, विज्ञान, गणितात मिसळायचं ही मूळ कल्पना चांगलीच होती. फक्त सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. भूगोलाचे सर म्हणतात विज्ञानात आहे, विज्ञानाच्या बाई म्हणतात भूगोलात. शाळेत एकाच्या नावावर जबाबदारी टाका आणि कुठल्या इयत्तेत कुठला पाठ, याचा एक पानी तक्ता शिक्षकांच्या खोलीत लावा. प्रशिक्षणाचंही तसंच : दिल्लीहून निघालेले प्रशिक्षणाचे पाच दिवस गावाकडच्या केंद्रशाळेपर्यंत पोचताना एक दुपार आणि हजेरीपटावरची सही एवढे उरतात. त्या दुपारी भाषण नको, एक तास प्रत्यक्ष घेऊन दाखवा.

आणि परीक्षेत 'लोकसंख्यावाढीची कारणे लिहा' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी गावातल्या दहा वर्षांच्या जन्म-मृत्यूंची नुसती आकडेवारी ग्रामपंचायतीकडून आणा, नावं नकोत, आणि आलेख काढायला लावा. कोविडच्या वर्षी रेघ कुठे गेली, ते मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतील.