काजूच्या पालवीवर फवारणी करण्यापूर्वी हुमल्यांची घरटी पाहून घ्यावीत

पावसाळा सरल्यावर कोकण आणि गोव्यातील काजूला नवी पालवी फुटते आणि तिच्यामागोमाग ढेकण्या हा उपद्रवी कीटक येतो. कोवळे शेंडे, मोहोर आणि लहान बी यांतील रस तो शोषतो. त्या जागी तपकिरी-काळे चट्टे पडून शेंडे वाळतात. पंप बाहेर काढण्यापूर्वी बागायतदारांनी सगळी बाग फिरून तांबड्या मुंग्यांची, म्हणजे हुमल्यांची, पानांची घरटी कोणत्या झाडांवर आहेत ते पाहावे आणि त्या झाडांना खूण करावी.

ही मुंगी जमिनीत घर करत नाही. काही कामकरी मुंग्या एकमेकींना धरून साखळी करतात व हिरव्या पानांच्या कडा जवळ ओढून धरतात, तर काही जणी वसाहतीतील अळ्या जबड्यात धरून त्यांच्या तोंडातून येणाऱ्या रेशमाने ती पाने शिवतात. एकाच वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात. राणी मात्र त्यांपैकी एखाद्याच घरट्यात असते. मोठ्या कामकरी मुंग्या फांद्यांवर सतत फिरून ढेकण्या, सुरवंट, भुंगेरे असे जे सापडेल ते पकडतात. दक्षिण चीनमधील संत्रावर्गीय बागांत याच कामासाठी ही घरटी शेकडो वर्षांपूर्वीपासून विकली जात.

म्हणून खूण केलेल्या झाडांवर कीटकनाशक सरसकट फवारू नये. ढेकण्याचा प्रादुर्भाव मुंग्या नसलेल्या झाडांवर दिसल्यास तेवढ्याच झाडांवर, वारा शांत असताना फवारावे. एकाच वसाहतीची झाडे काथ्याच्या दोरीने जोडल्यास मुंग्यांना ये-जा सोपी होते. दोन निरनिराळ्या वसाहती मात्र भेटताच लढतात व दोन्हीकडील मुंग्या मोठ्या संख्येने मरतात, त्यामुळे तेथे एकमेकांना टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. एखादे घरटे तोडून दुसऱ्या झाडावर टांगण्याचा मोह टाळावा, कारण राणीविना ते टिकत नाही.

या मुंग्यांचा एक दोषही ध्यानात घ्यायलाच हवा. पिठ्या ढेकूण व खवले कीड या रस शोषणाऱ्या किडींच्या गोड स्रावासाठी त्या त्यांचे रक्षण करतात. अशी कीड वाढलेली दिसल्यास तेवढे शेंडे छाटून नष्ट करावेत; त्यासाठी वसाहत मारू नये. हुमले कडकडून चावतात आणि चाव्यावर आम्ल सोडतात, म्हणून छाटणी व काढणी करणाऱ्या मजुरांना पूर्ण बाह्यांचे कपडे द्यावेत, हातांना लाकडाची कोरडी राख चोळण्यास सांगावे आणि मुंग्या मंदावलेल्या असतात तेव्हा, सकाळच्या गारव्यात, काम उरकावे.