सिंथचा नॉब आणि फिल्टरच्या पायऱ्या: माझा अनुभव

इंदूरला रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक असतंच. यंदा त्याचं पार्श्वसंगीत माझ्या गळ्यात पडलं. वादळाच्या प्रवेशात सिंथचा (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) फिल्टर, म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा भाग, सावकाश उघडत न्यायचा होता. हाताने नॉब फिरवताना सिंथ लोण्यासारखा चाले. तेच ऑटोमेशन, म्हणजे नॉबच्या हालचालीची नोंद, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून परत वाजवलं की टर्र-टर्र पायऱ्या ऐकू येत. रेझोनन्स (फिल्टरचा आवाज टोकदार करणारी सेटिंग) चढवल्यावर तर विचारूच नका.

केबल बदलून पाहिली, फरक शून्य. गोम अशी की साध्या मिडी सीसीत (वाद्य आणि कॉम्प्युटर ज्या मिडी भाषेत बोलतात, तिच्यातला नॉबचा संदेश) 0 ते 127 एवढेच आकडे मावतात. सिंथ स्वतःच्या पोटात नॉब याहून बारीक मोजतो, बाहेर पाठवताना मात्र 128 टप्प्यांत कोंबतो. हळू स्वीपमध्ये (नॉब सलग फिरवत नेताना) प्रत्येक टप्पा कानाला लागणारच.

सिंथच्या सेटिंगमध्ये सीसीऐवजी एनआरपीएन (मिडीचाच, जास्त बारीक आकडे पाठवणारा प्रकार) निवडलं. 14 बिट, म्हणजे 16,384 टप्पे. स्वीप एकदम गुळगुळीत! पण एका बदलाला 99, 98, 6 आणि 38 या क्रमांकांचे चार सीसी संदेश जाऊ शकतात, आणि पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला जेमतेम 31,250 बिट. दोन-तीन नॉब एकदम फिरवले तर सूर मागे रेंगाळतात. म्हणून यूएसबी, आणि एका फेरीत एकच नॉब.

एनआरपीएन नंतर माउसने दुरुस्त करणं मात्र डोकेदुखी. 6 (आकड्याचा ढोबळ भाग) आणि 38 (बारीक भाग) यांच्या रेघा वेगवेगळ्या दिसतात. मी त्या वाटेला जात नाही. स्वीप बिघडला तर पुन्हा फिरवतो, जमला की लगेच ऑडिओ करून ठेवतो.