ठासणीची लाँग रायफल जुळवताना आणि चालवताना या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या जेकब डिकर्ट या बंदूक-कारागिराच्या घाटाची लाँग रायफल, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची लांब नळीची जुनी बंदूक, किटमधून (सुट्या भागांच्या संचातून) जुळवायची, असं म्हणणारी दोन-चार माणसं दर वर्षी माझ्याकडे येतात. मी आधी पुण्यात टूलरूमला होतो. आता पेनसिल्व्हेनियात आहे आणि गेली अकरा वर्षं हेच करतो. डिकर्ट १७४० साली जर्मनीत जन्मला, लहानपणीच इकडे आला आणि लँकेस्टरला बंदुका घडवत १८२२ साली गेला. जर्मन शिकारी रायफल आखूड आणि जाड तोंडाची असे. इथल्या कारागिरांनी नळी लांब केली, भोक बारीक केलं. जंगलात महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसाला शिसं आणि बंदुकीची दारू पुरवून वापरावी लागे, म्हणून.

आजच्या किटमध्ये दस्ता (बंदुकीचं लाकूड) मशीनवर कोरून येतो, लॉक (ठिणगी पाडणारी कळ) बसवून येतं, नळीत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पाडलेले असतात. मग लोकांना वाटतं, आता फक्त घासायचं आणि तेल लावायचं. खरा घोळ तिथेच सुरू होतो.

पॉलिश पेपर. हा माझा सगळ्यात जुना राग आहे. मागच्या हिवाळ्यात एकाने त्याची रायफल दाखवायला आणली. लाकूड सुरेख, पट्टेदार मेपल, आणि त्याची झालेली होती वापरून झिजलेली साबणाची वडी. लॉकभोवती लाकडाची सपाट चौकट असते, तिच्या कडा बोटाला टोचतील इतक्या ठसठशीत हव्यात. त्या गोल झाल्या होत्या. लॉकची पट्टी लाकडाच्या वर नखभर उभी होती, कारण त्याने लोखंड काढून ठेवून आजूबाजूचं लाकूड नुसत्या बोटाखाली पेपर धरून घासलं होतं. "तीन रात्री बसलो होतो," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. गेलेलं लाकूड परत लावता येत नाही.

माझी सवय सांगतो. आधी कानस, मग पोलादी पत्तीने खरवडणं, आणि पेपर अगदी शेवटी, तोही कडक लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. लॉक आणि दस्त्याच्या मागच्या टोकाची पितळी पाटी जागेवर ठेवूनच घासायचं, म्हणजे लाकूड आणि धातू एका पातळीत उतरतात. खोलीतला दिवा बंद करून एक दिवा बाजूने, दस्त्याला लगटून धरायचा. प्रत्येक खड्डा सावली टाकतो. मग ओल्या फडक्याने पुसा, उभे राहिलेले लाकडाचे तंतू वाळू द्या आणि हलक्या हाताने काढा. दोन-तीनदा करा. कंटाळा येतो, पण याला दुसरा रस्ता नाही.

नवी बंदूक साखळीने बडवून 'जुनी' करू नका. डिकर्टच्या गिऱ्हाइकाने कोरी करकरीत बंदूक घेतली होती.

आता मैदानावरची चूक, आणि हिच्यावर मी मुद्दाम वेळ घेणार आहे, कारण हिच्यात माणूस जायबंदी होतो. आमच्यातलाच एक मुलगा, ऑक्टोबरमधली थंड सकाळ, नवी रायफल. पाच-सहा बार झाले, मध्ये नळी एकदाही पुसली नाही. काळ्या दारूची राख आत साचते आणि पुढची गोळी अडते. मी दोन जागा सोडून उभा होतो. त्याचा गज, म्हणजे गोळी ठासायची काठी, नळीबाहेर वीतभर जास्त दिसला. मी हाक मारली, तो म्हणाला, "काका, एवढंच जातं आत." आणि मी पोचेपर्यंत चाप ओढला. गोळी आणि दारू यांच्यात मोकळी जागा राहिली की दाब अडकलेल्या गोळीपाशी भलताच चढतो. आवाज नेहमीसारखाच आला. मी अष्टकोनी नळीच्या सपाट अंगावरून अंगठा फिरवत नेला, एका जागी तो किंचित वर चढला. वर पोलादी पट्टी ठेवली तर दोन्ही बाजूंनी उजेड दिसला. नळी फुगली होती. हात शाबूत राहिला, नळी गेली.

यावर उपाय एका खुणेचा आहे. नळी रिकामी असताना गज आत टाका, तोंडापाशी चाकूने रेघ पाडा. नेहमीची दारू आणि गोळी ठासून दुसरी रेघ पाडा. दुसरी रेघ तोंडाशी आली नाही तर बार काढायचा नाही, मग मागे कितीही लोक खोळंबलेले असोत. मी प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी फिरवतो. गज वीतभर अंतरावर धरून थोडा थोडा ढकलतो. लांब धरून जोर लावला की हिकरी लाकडाचा गज तिरका तुटतो आणि तळहातातून आरपार जातो.

बार उशिरा पडतो, फुस्स करून मग उडतो? बहुतेकदा तुम्ही रंजक (लॉकच्या पेल्यातली पेटवायची दारू) जास्त घातलेली असते आणि नळीचा कान, म्हणजे आग आत जायचं बारीक भोक, बुजलेला असतो. मग ठिणगीला वातीसारखं जळत आत जावं लागतं. मी पेला तिसरा हिस्साच भरतो, आणि ठासताना कानात पीस खोचून ठेवतो. उडालीच नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून मिनिटभर थांबा.

पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीत घालू नका. तिला पेटायला जास्त उष्णता लागते. खरी काळी दारूच हवी.

आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू कधीच नाही, चिमूटभरही नाही. नळी फुटते.

दारू बुधलीतून थेट नळीत ओतू नका. मापात घ्या, मग ओता. आत एखादा निखारा राहिला असेल तर भडका मापाएवढाच होईल.

ठिणग्या कमी झाल्या की लगेच नवी गार (चकमकीचा दगड) विकत घ्यायची गरज नाही. गारेची धार समोरच्या पोलादी झाकणाला पूर्ण रुंदीने टेकते का, ते गार धरणारा घोडा हळूच पुढे आणून बघा. गारेखाली चामड्याचा तुकडा हवाच.

आणि साफसफाई उद्यावर टाकू नका. काळ्या दारूची राख हवेतली ओल धरते, सकाळपर्यंत गंज चढलेला असतो. मी कितीही दमलो असलो तरी घरी आल्यावर आधी कोमट साबणपाणी, मग कोरडी चिंधी पांढरी निघेपर्यंत, मग तेल. जेवण त्यानंतर.