कॉमिक्स-लेखकाची राजकीय मते त्याच्या कारकिर्दीत कशी शोधावीत

एखाद्या कॉमिक्स-लेखकाच्या राजकीय मतांचा त्याच्या कारकिर्दीशी असलेला संबंध तपासायचा असेल, तर पात्रांच्या तोंडची जळजळीत वाक्ये वेचण्याआधी त्याने कोणते करार केले, कोणते प्रकाशक सोडले आणि कोणते पैसे नाकारले, याची वर्षवार नोंद करावी. बंडखोर संवाद लिहायला पदरचे काही जात नाही. प्रकाशक सोडताना जाते. उदाहरणादाखल इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनचे कॉमिक्स-लेखक ॲलन मूर घेऊ, जे स्वतःला अराज्यवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको असे मानणारे, म्हणवतात. (‘अराजक’ या शब्दाला आपल्याकडे दंगलीचा वास चिकटला असल्याने तो येथे टाळलेला बरा.)

प्रथम प्रत्येक कृतीशेजारी त्या काळचे राजकारण लिहावे. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ 1982 मध्ये, थॅचर यांच्या राजवटीत, ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकात सुरू झाली, मासिक बंद पडल्याने अर्धवट राहिली आणि पुढे 1988 पासून अमेरिकेच्या डीसी कॉमिक्सने ती पूर्ण केली. त्या वेळच्या प्रस्तावनेत मूर यांनी मान्य केले की, थॅचर यांचा हुजूर पक्ष निवडणूक हरेल हे कथेमागचे गृहीतक चुकले होते. लेखकाने स्वतः दिलेल्या अशा कबुलीला समीक्षकाच्या दहा तर्कांपेक्षा जास्त वजन द्यावे.

त्यानंतर करार पाहावेत. खरे काम येथे आहे. ‘वॉचमेन’च्या (1986–87) करारानुसार पुस्तक ठरावीक काळ छापले गेले नाही, तर हक्क मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्याकडे परत येणार होते; परंतु पुस्तक सतत छापले गेल्याने ती वेळ आलीच नाही. त्यात कॉमिक्सवर वयोगटाचे शिक्के मारण्याच्या डीसीच्या प्रस्तावाची भर पडली आणि मूर यांनी कंपनीशी संबंध तोडले. हा तंटा तत्त्वाचा की पैशाचा, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे, कारण श्रमाच्या फळावर मालकी कोणाची, हा अराज्यवाद्याच्या दृष्टीने राजकीय प्रश्नच असतो. अशी नोंद मते आणि पैसा या दोन्ही रकान्यांत करावी. 1988 मध्ये, समलैंगिकतेच्या ‘प्रसारा’ला स्थानिक संस्थांना बंदी करणाऱ्या कलम 28 च्या विरोधात, त्यांनी स्वतःच्या ‘मॅड लव्ह’ प्रकाशनातर्फे एक संकलन काढले. ती नोंद मात्र निःशंकपणे मतांच्या रकान्यात जाते.

नकाराचीही नोंद ठेवावी. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’वरील चित्रपटाला मूर यांनी आपले नाव लावू दिले नाही आणि आपल्या वाट्याचे पैसे चित्रकार डेव्हिड लॉइड यांच्याकडे वळवले. गंमत अशी की, 2011 च्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनात भांडवलशाहीविरुद्ध घोषणा देणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसणाऱ्या गाय फॉक्सच्या (1605 मध्ये इंग्लंडची संसद उडवू पाहणारा कटवाला; ‘व्ही’चा नायक त्याचाच मुखवटा घालतो) अधिकृत मुखवट्यांच्या विक्रीतून चित्रपट कंपनीच्या मालकांनाच स्वामित्वधन मिळत होते. लेखकाच्या मतांचे पुढे जगात काय झाले, हे त्याच्या खात्यावर मांडू नये.

पात्र आणि लेखक यांची गल्लत टाळण्यासाठी ‘वॉचमेन’मधील रॉर्शाक पाहावा. त्याचे मूळ ‘स्पायडर-मॅन’चे सहनिर्माते स्टीव्ह डिटको यांच्या ‘द क्वेश्चन’ आणि ‘मिस्टर ए’ या पात्रांत, म्हणजे व्यक्तिवाद आणि मुक्त भांडवलशाहीचा पुरस्कार करणाऱ्या लेखिका आयन रँड यांच्या विचारांनी भारलेल्या चित्रकार-लेखकाच्या कामात आहे. मूर यांना ती विचारसरणी मान्य नव्हती, तरीही असंख्य वाचकांनी रॉर्शाकलाच नायक मानले.

डिटको यांच्याबाबतीत आणखी एक सापळा आहे. त्यांनी 1966 मध्ये मार्व्हल ही प्रकाशन कंपनी सोडली, याचे कारण त्यांच्या तत्त्वज्ञानात शोधण्याचा मोह होतो. पण नंतरच्या एका निबंधात त्यांनी स्वतः सांगितलेले कारण साधे आहे: मार्व्हलचे संपादक-लेखक स्टॅन ली यांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. तेव्हा त्या वर्षापुढे ‘भांडण’ एवढेच लिहावे, आणि मतांचा रकाना 1967 साठी राखून ठेवावा, जेव्हा ‘मिस्टर ए’ हे पात्र हक्क कलावंतांकडेच ठेवणाऱ्या ‘विटझेंड’ या छोट्या नियतकालिकात अवतरले.