क्लच घसरतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

साताऱ्यात क्लचचं दुखणं बहुतेकदा घाटात उघडं पडतं. समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं, की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात रेंगाळते. मग जळका वास येतो.

इथेच पहिली चूक होते. ‘पिकअप गेला’ म्हणून लोक फिल्टर बदलतात, इंजेक्टर साफ करून घेतात. इंजिन कमजोर असेल तर आरपीएमही चढत नाही. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच तपासा. गिअर पडताना खरखरत असेल तर दुखणं उलटं आहे, क्लच पूर्ण सुटत नाही.

खात्री करायची तर सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेकही दाबा. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोचत नाही. ही तपासणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली क्लच प्लेटही जळते.

केबलचा क्लच असेल तर आधी पेडलचा प्ले, म्हणजे सैलपणा, बघा. पेडल हाताने दाबल्यावर सुरुवातीला थोडं सैल जायला हवं. अजिबात सैल नसेल तर केबल ताणलेली आहे, आणि पाय न लावताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. नट सैल करून गाडीच्या पुस्तकात दिलेला प्ले ठेवला की कधीकधी एवढ्यावरच भागतं. हे न बघता थेट गिअरबॉक्स उतरवायला देऊ नका.

माझ्या जुन्या गाडीला नवी प्लेट बसवली आणि दोन महिन्यांत क्लच पुन्हा घसरू लागला. इंजिनच्या मागचं, तेल अडवणारं क्रँकचं ऑइल सील गळत होतं. तेल प्लेटवर जात होतं आणि कुणी तिकडे पाहिलंच नव्हतं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली, ते अजून मनाला लागतं. म्हणून सांगतो, गिअरबॉक्स खाली आला की इंजिनचं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं, दोन्ही सील बघायला लावा. क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग जुनंच ठेवून फक्त क्लच प्लेट बदलू नका. फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चकतीवर, निळे डाग किंवा तडे दिसले तर तेही दाखवून घ्या.

सप्टेंबरात कासची फुलं बघायला गर्दी उसळते. त्या रांगेत चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. थांबलात की हँडब्रेक ओढा, गिअर काढा, पाय पेडलवरून उचला. नवी प्लेट असेल तर पहिले काही शे किलोमीटर भरलेल्या गाडीने घाट टाळा. आणि जुनी प्लेट गॅरेजातून मागून घ्या. तेलकट दिसली तर सील बदललं का, ते तिथेच विचारा.