लिनक्स कर्नलमधून कालबाह्य चाचणी कशी काढावी

लिनक्स कर्नलमधील (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) जुनी चाचणी, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारा प्रोग्रॅम, काढायची झाल्यास 'गिट आरएम' ही फाइल काढून टाकणारी आज्ञा सर्वांत शेवटी द्यावी. एखाद्या फाइलला पाच-सहा वर्षे कोणी हात लावलेला नाही, एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही. चांगल्या चाचणीला सहसा हात लावावाच लागत नाही. ज्या फंक्शनसाठी ती लिहिली होती ते फंक्शनच गेले असेल, किंवा तीच तपासणी केयुनिट या कर्नलच्या चाचणी-चौकटीमध्ये नव्याने लिहिली गेली असेल, तरच पुढे जावे. केयुनिट 2020 मधील 5.5 या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे आणि 'लिब' डिरेक्टरीतील प्रिंटएफसारख्या कित्येक जुन्या चाचण्या त्यात आल्या आहेत. अशा वेळी जुनी व नवी फाइल शेजारी ठेवून एकेक केस पडताळावी, विशेषतः चुकीच्या इनपुटच्या केसेस, कारण घाईत त्याच गळतात.

खरे काम धागेदोरे शोधण्याचे आहे. चाचणीच्या कॉन्फिग पर्यायाचे (बिल्ड करताना ती चालू-बंद करणाऱ्या सेटिंगचे) नाव घेऊन संपूर्ण सोर्समध्ये 'गिट ग्रेप' ही शब्द शोधणारी आज्ञा चालवावी. ते नाव केकॉन्फिग (पर्यायांची व्याख्या करणारी फाइल) व मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) यांमध्ये सापडेलच. शिवाय सेल्फटेस्टच्या (कर्नलसोबत येणाऱ्या चाचणीसंचाच्या) कॉन्फिग फाइलीत आणि निरनिराळ्या आर्किटेक्चरच्या (प्रोसेसर-प्रकारांच्या) डिफकॉन्फिगमध्ये, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या फाइलीतही, सापडू शकते. मोड्यूल (कर्नलमध्ये गरजेप्रमाणे लोड होणारा भाग) लोड करणारी शेल स्क्रिप्ट आणि कोणता भाग कोण सांभाळतो हे सांगणाऱ्या मेंटेनर्स फाइलमधील नोंद यांचा शोध मात्र मोड्यूलच्या व फाइलच्या नावाने वेगळा घ्यावा. येथे एक गोष्ट फसवी आहे: अस्तित्वात नसलेल्या पर्यायावर दुसरा पर्याय अवलंबून राहिला, तर केकॉन्फिग एरवी तक्रार न करता त्याचे मूल्य 'नाही' धरते आणि तो दुसरा पर्यायही मुकाट्याने बंद होतो. कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' डिरेक्टरीत असे अनाथ पर्याय शोधणारी 'चेक-केकॉन्फिग-सिम्बॉल्स' ही पायथन स्क्रिप्ट आहे. ती अवश्य चालवावी.

केवळ त्या चाचणीसाठी एक्स्पोर्ट केलेली (मोड्यूल्सना वापरता यावीत म्हणून खुली केलेली) सिम्बॉल्स, म्हणजे फंक्शन वा व्हेरिएबलची नावे, उरली असतील, तर ती पॅचच्या (बदलांच्या फाइलींच्या) त्याच मालिकेतील वेगळ्या पॅचने काढावीत. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झाले पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याची, म्हणजे कोणत्या बदलाने दोष आला हे जुन्या आवृत्त्या तपासून शोधणाऱ्याची, पंचाईत होते. 'ऑलमॉडकॉन्फिग' (शक्य ते सर्व भाग मोड्यूल म्हणून घेणारे) बिल्ड करून मगच पॅच पाठवावा.

'गिट फॉरमॅट-पॅच' या पॅच फाइल तयार करणाऱ्या आज्ञेला मोठा डी (-D) हा पर्याय दिल्यास काढलेल्या फाइलीचा मजकूर वगळला जातो. वाचायला ते सोयीचे असले तरी तसा पॅच लागू करता येत नाही, म्हणून मेंटेनरला (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याला) पाठवायच्या प्रतीत तो पर्याय वापरू नये. कमिट संदेशात (गिटमध्ये बदलासोबत नोंदवल्या जाणाऱ्या मजकुरात) चाचणी कोणत्या कमिटमुळे निरर्थक झाली आणि तिची जागा कोणी घेतली, हे स्पष्ट लिहावे.